मोटोरो आणायच्या आधी

मित्रा, मोटोरो, म्हणजे गोड्या पाण्यातला चपटा, गोल स्टिंगरे मासा, पाळायची तुझी हौस झकास आहे, पण मासा सगळ्यात शेवटी घे. दुकानात बशीएवढा दिसणारा मोटोरो स्टिंगरे वाढून दीड-दोन फूट रुंद होतो. त्याला वळायला जागा हवी, म्हणून टाकीची उंची नव्हे, रुंदी बघ: निदान 6 बाय 3 फूट. त्यात 2 फूट पाणी भरलं की नुसत्या पाण्याचंच वजन हजार किलो. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहतोस ना? मग स्लॅबबद्दल स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचार, दुकानदाराला नको.

नवखे फसतात ते इथे:
- टाकी सायकल न करताच, म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार व्हायच्या आधीच, रे (स्टिंगरे) सोडतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य येईपर्यंत थांब. चार-सहा आठवडे सहज जातात. रे अमोनियाला फार नाजूक.
- नळाचं पाणी थेट ओततात. आधी त्यातला क्लोरीन काढून टाक.
- टोकदार खडी घालतात. बारीक वाळू घाल. हीटरला जाळी लाव, नाहीतर रे त्यावर बसून भाजतो.

रेच्या चकतीसारख्या अंगाची कड वर वळलेली दिसली की आधी पाणी तपास, औषधं नंतर. शेपटीचा काटा विषारी असतो. टाकीत हात घालताना रे कुठे आहे ते बघ.

अ‍ॅरोवाना हा दुसरा मोठा मासा सध्या राहू दे. आणि कुठलाही मासा डोईजड झाला तरी ठाण्याच्या तलावपाळीच्या तलावात सोडायचा नाही, दुकानात परत दे.