एका पॉइंटाचे रुपये किती? प्रवासाच्या क्रेडिट कार्डांबद्दल वाचकांचे प्रश्न

आम्ही घरात चौघं. वर्षातून तीनदा रेल्वेने मुंबईला जातो, तिकिटांवर साधारण २४,००० रुपये खर्च होतात. महिन्याला किराणा ९,००० आणि पेट्रोल ३,०००. कार्डासाठी सारखे फोन येतात. विमान कंपनीचं घ्यावं, रेल्वेचं की साधं? (लांजा)

विमानाचं कार्ड आधी बाजूला ठेवा. तुम्ही विमानाने जात नाही, त्यामुळे त्याचे पॉइंट जमतील, पण वापरले जाणार नाहीत. बहुतेक पॉइंटांना मुदतही असते.

उरलेल्या दोन कार्डांचा हिशोब कागदावर मांडा. समजा, साध्या कार्डावर १०० रुपयांना २ पॉइंट मिळतात. ऐकायला बरं वाटतं, पण एका पॉइंटाची किंमत २५ पैसे असेल तर हा अर्धा टक्काच झाला. वर्षाच्या १,०८,००० रुपयांच्या किराण्यावर ५४० रुपये सुटतील. वार्षिक फी ५०० रुपये असली तर जीएसटी धरून ५९० जातात, म्हणजे ५० रुपये पदरचेच. शिवाय गावातला किराणा दुकानदार कार्डाचं मशीन ठेवतो का, हेही बघा. त्याच्याकडे फक्त क्यूआर असेल आणि तुमचं कार्ड यूपीआयला जोडता येणारं रूपे नसेल तर ५४० रुपयेही हाती लागणार नाहीत.

रेल्वेच्या कार्डावर तिकिटामागे ५ टक्के परत मिळतात असं धरलं तर २४,००० वर १,२०० होतात. तेवढीच फी वजा करून ६१० उरतात. तुमच्या घराला हेच परवडेल, पण अर्जावर सही करण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. फायदा सगळ्या वर्गांना आहे की फक्त एसीला? अनेक कार्डांत स्लीपरला काही मिळत नाही. तिकीट स्वतःच्या लॉगिनवरूनच काढावं लागतं का? एजंटाकडचं किंवा खिडकीवरचं तिकीट सहसा धरत नाहीत. कार्डाने पैसे भरताना लागणारा १ टक्क्याच्या आसपासचा गेटवे आकार माफ आहे का? आणि पॉइंट वटवताना वेगळी फी आहे का? ९९ रुपये अधिक जीएसटी अशी फी बऱ्याच ठिकाणी असते. दर दोन महिन्यांनी थोडेथोडे पॉइंट वटवले तर निम्मा फायदा तिच्यातच जातो. वर्षातून एकदाच वटवा.

कार्डाने पेट्रोल भरलं की १ टक्का वाचतो, हे खरं का? (गुहागर)

वाचत काहीच नाही. कार्डाने पैसे दिले म्हणून लागलेला १ टक्का अधिभार तेवढा परत येतो, आणि त्याच्यावरचा १८ टक्के जीएसटी येत नाही. ३,००० रुपयांच्या पेट्रोलवर अधिभार ३० रुपये, त्यावर जीएसटी ५ रुपये ४० पैसे. हे ५.४० तुमच्या खिशातूनच जातात. या माफीला किमान रक्कम असते, बहुधा ४०० किंवा ५०० रुपये. स्कूटरमध्ये २०० चं टाकणाऱ्याला तीही मिळत नाही. इंधनावर पॉइंटही बहुतेक कार्डं देत नाहीत.

गणपतीचं आरक्षण उघडतं तेव्हा कार्डाचा ओटीपी येईपर्यंत जागा संपतात. काय करावं? (कणकवली)

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं आणि कोकणच्या गाड्या काही मिनिटांत भरतात. रेंज कमी असली की ओटीपी रेंगाळतो, पैसे कापले जातात आणि तिकीट निघत नाही. ते पैसे परत येतात, जागा येत नाही. त्या दिवशी पॉइंटांचा विचारच सोडा. आयआरसीटीसीच्या ई-वॉलेटमध्ये आदल्या दिवशी पैसे भरून ठेवा. कार्डाने वॉलेट भरल्यावर बहुतेक बँका पॉइंट देत नाहीत, म्हणून ते बँक खात्यातूनच भरा. बाकीच्या प्रवासाला कार्ड आहेच.

अजून एक. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं आणि त्यावरचे पॉइंट कापले जातात. परतावा बिलाच्या शेवटच्या तारखेपर्यंत जमा झाला नाही तर ‘ते तिकीट तर रद्द झालं’ म्हणून बिल कमी भरू नका. पूर्ण भरा. परतावा पुढच्या बिलात वळता होतो.

रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलं तर बाजारात सगळीकडे चालेल का? (मालवण)

दुकानाच्या क्यूआरवर चालेल, माणसाच्या खात्यावर नाही. मासळीवाल्या मावशींनी स्वतःच्या बचत खात्याचा क्यूआर लावला असेल तर तिथे क्रेडिट कार्ड चालणार नाही, कारण त्यावरून फक्त व्यापारी खात्यालाच पैसे देता येतात. जोडणं सोपं आहे: यूपीआय ॲपमध्ये रूपे क्रेडिट कार्ड निवडा, कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख भरा, ओटीपी द्या आणि नवा पिन ठरवा. कार्डाचा नोंदवलेला मोबाइल नंबर त्याच फोनमध्ये हवा. इथेच बहुतेकांचं अडतं.

तुमचं होमस्टे असेल तर दुसरी बाजूही बघा. लहान व्यापाऱ्याला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर आकार लागत नाही. त्याहून मोठ्या व्यवहारावर तो तुमच्या रकमेतून कापला जातो. खोलीचं भाडं ठरवताना हे धरा.

मोपाहून वर्षातून एकदा विमानाने जातो. लाउंज फुकट म्हणून ५,००० रुपये फीचं कार्ड घ्यावं का? (कुडाळ)

नको. जीएसटी धरून ते ५,९०० होतात आणि तुमच्या पदरात एक नाश्ता पडतो. बऱ्याच कार्डांवर आता मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केला असेल तरच लाउंज मिळतं. सोबत आलेल्यांचे पैसे बहुधा वेगळे.

हापूसच्या फवारणीचा खर्च कार्डावर केला, पॉइंटही मिळाले. आता बिल भरायला पैसे नाहीत. किमान रक्कम भरून चालेल का? (देवगड)

दंड टळेल, व्याज नाही. ४०,००० च्या बिलातले किमान २,००० भरले तर ३८,००० उरतात. महिन्याला ३.५ टक्के दराने १,३३० रुपये व्याज, त्यावर २३९ रुपये ४० पैसे जीएसटी. एक टक्का दराने पॉइंट मिळाले ४०० रुपयांचे आणि एका महिन्यात गेले १,५६९. व्याज खरेदीच्या तारखेपासून धरतात, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून मोठा निघेल. थकबाकी संपेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तेव्हा हे कार्ड आजपासून वापरू नका.

कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर ४५-५० दिवसांची. मोहोराच्या फवारणीपासून पेटीचे पैसे हातात यायला चार-पाच महिने जातात. हे दोन्ही कधीच जुळणार नाही. बागेच्या खर्चाला किसान क्रेडिट कार्ड घ्या: ३ लाखांपर्यंतच्या अल्पमुदत पीककर्जाला ७ टक्के, वेळेत फेडलं तर ४ टक्के, आणि तेही वर्षाचे. आत्ताची थकबाकी सोसायटीकडून किंवा सोनेतारण कर्ज काढून एकरकमी मिटवली तरी व्याज कितीतरी कमी पडेल.

न वापरलेलं कार्ड बंद करायला सांगितलं, पण ‘बघतो’ म्हणतात आणि फी लावतात. (अलिबाग)

आधी उरलेले पॉइंट वटवा आणि बाकी शून्य करा. मग ईमेलने लेखी विनंती पाठवा, फोनवर विसंबू नका. बाकी नसेल तर बँकेने ७ कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत बँक तुम्हाला दिवसाला ५०० रुपये देणं लागते. विनंतीची तारीख जपून ठेवा, हिशोब तिथूनच सुरू होतो.