आजोबा आणि नातवाने मिळून गुपचूप हेरगिरी केल्याचं खरं उदाहरण कुणाला माहीत आहे का?

आहे, आमच्याच घरातलं. नातू म्हणजे माझे वडील, तेव्हा नऊ वर्षांचे. आजोबा म्हणजे माझे पणजोबा, त्यांना सगळे आबा म्हणत. हेरगिरी हा शब्द मात्र दोघांच्या तोंडी कधी आला नसेल. आमच्याकडे म्हणायचे, "खबर पोचवायची."

काळ पत्री सरकारचा. बेचाळीसच्या चळवळीनंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजांना समांतर असं प्रतिसरकार उभं केलं, त्यालाच लोक पत्री सरकार म्हणत. कुंडल हे त्याचं मोठं ठाणं. ७ जून १९४३ला शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं, म्हणजे त्यांच्या लढाऊ दलानं, लुटली. पोलीस भूमिगतांना हुडकत गावं पालथी घालायचे, तरी नाना १९४६पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. एवढी वर्षं माणूस लपतो तो एकट्याच्या हुशारीवर नाही. त्याच्यामागं गावंच्या गावं जागी असावी लागतात. नानांच्या लेकीनं, हौसाताईंनी, तर भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा मारतोय असं सोंग आणलं, पोलीस सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतली हत्यारं उचलली.

आमच्या घरचं काम याच्यापुढं लहानच. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचा माणूस नुसता सावलीसारखा दिसायचा. पण कुणाच्या मळ्यात जायचं, कुणाशी बोलायचं आणि कुणासमोर तोंड उघडायचं नाही, हे फक्त त्यांना ठाऊक. वडिलांना यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. पोराला धरून मारलं तर त्याला सांगता येईल असं काही त्याच्याजवळ असूच नये, हा आबांचा हिशेब. तेव्हा बघायचं नातवानं आणि पोचवायचं आजोबांनी. नातवाचा खांदा धरून चाललेल्या म्हाताऱ्याला कोण अडवणार?

वडील स्टेशनच्या वाटेवर दोन शेळ्या घेऊन बसायचे. पोलिसांची पार्टी आली की खिशात दाणे टाकायचे. नुसता काठीवाला असेल तर ज्वारीचा दाणा, बंदूकवाला असेल तर हरभरा. शेळ्या हाकत घरी आले की दाणे आबांच्या तळहातावर ओतायचे. आबा अंगठ्यानं एकेक दाणा सरकवत मोजायचे, मग म्हणायचे, "चल, मळ्याकडं जाऊन यू." शाळा बुडाली म्हणून आमच्या आजीनं एकदा वडिलांना शेराच्या फोकानं झोडपलं. आबा तिथंच ओट्यावर होते, पण बोलले नाहीत. वडीलही बोलले नाहीत. आजीला हे सगळं कळलं ते स्वातंत्र्यानंतर, आणि त्या माराची आठवण निघाली की ती शेवटपर्यंत रडायची.

एकदा दिवसभर काही खाल्लं नव्हतं, वडिलांनी खिशातले हरभरे तोंडात टाकले. आबांनी हातातले दाणे मोजले. पाच ज्वारीचे, एक हरभरा. "एकच बंदूक?" तेव्हा पोरगं हुंदके देत म्हणालं, "आबा, दोन मी खाल्ल्या." आबा रागावले नाहीत. आधी त्याला भाकरी खायला घातली, मगच मळ्याकडं निघाले.

दुसऱ्या दिवसापासून हरभऱ्याच्या जागी चिंचोके आले.