बँकॉकला पहिल्यांदा जाताय?

पहिल्याच खेपेला पट्टाया, फुकेत सगळं कोंबू नका. चार दिवस असतील तर चारही बँकॉकलाच द्या. हॉटेल बीटीएसच्या (शहरातली उंचावरून धावणारी मेट्रो) स्टेशनजवळच घ्या. थोडं महाग पडलं तरी टॅक्सीचे पैसे वाचतात. सुवर्णभूमी विमानतळावरून रेल्वेनं फाया थाईला उतरलात की तिथेच बीटीएस मिळते. राजवाडा सकाळी उघडताच गाठा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बाहेर कुणी गोड बोलून "आज बंद आहे, टुकटुकनं फिरवतो" म्हणालं तर थांबूच नका, थेट गेटवर जा. मग 'वाट फो' मंदिरातला 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध, आणि होडीनं नदीपलीकडे 'वाट अरुण' मंदिर. शाकाहारी असाल तर पिवळ्या पताकेवरचं लाल थाई 'जे' अक्षर शोधा, आपल्याला ते इंग्रजी 17 सारखं दिसतं. त्या जेवणात फिश सॉस नसतो, कांदा-लसूणही नसतो.