यादीच्या खालीही पाहा

प्रश्न : ताई, माह्ये सारे दोस्त लुआंटी या ठोकळ्यांच्या खेळात एकाच गर्दीच्या सर्व्हरवर खेळतात. दुसरे चांगले कसे सापडन?
— दहावीतला वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : बाळा, गर्दी म्हणजे दर्जा नव्हे. लुआंटी (२०२४ पर्यंतचं माइनटेस्ट) फुकट आहे, सर्व्हर (ज्या संगणकाला जोडून सगळे एकत्र खेळतात तो) लोकांनीच उभे केलेले. खेळातल्या सर्व्हरांच्या यादीत खाली उतर, प्रत्येकाचं वर्णन वाच. कुठे लढाई, कुठे नुसतं बांधकाम. मी बांधकामातच रमते. मॉड (खेळात भर घालणारे जोड) वेगळे टाकावे लागत नाहीत, ते सर्व्हरवरच चालतात; त्यांची चित्रं, आवाज सर्व्हरच पाठवतो. म्हणून पहिल्यांदा जोडताना डेटा बराच जातो. ते वायफायवर कर. पिंग (सर्व्हरचं उत्तर यायला लागणारा वेळ) कमी असलेला निवड, नाहीतर खेळ अडखळतो. दोन-चारच खेळाडू दिसले तरी आत जा, बोल. आणखी कुठं खेळता, हे त्यांनाच विचार. फोन नंबर मात्र कोणालाच देऊ नकोस.