पेट्रोलचं बोलायचं कसं?

प्रश्न : मी नागपूरच्या मनीषनगरहून रोज कारने बुटीबोरी एमआयडीसीत जाते. दीड वर्षापासून ऑफिसमधल्या एक ताई सोबत असतात. पेट्रोलचं नाव नाही, वर भर मे महिन्यात त्यांच्या गेटसमोर 10 मिनिटं एसी सुरू ठेवून थांबावं लागतं. संबंध बिघडायला नकोत.

उत्तर : बोला, पण गाडीत नको, डब्याच्या सुटीत. हिंगण्याला जाताना मी वर्षभर गप्प राहिले, मग एकदम चिडले आणि मैत्रीण गमावली. अजून सलतं. जाऊन-येऊन 50 किलोमीटर, लिटरला 15 धरा, म्हणजे रोज सव्वातीन लिटरच्या वर. "ताई, एक तारखेपासून पेट्रोल अर्धं-अर्धं करू," एवढंच म्हणा. पैसे महिन्याचे एकदम घ्या. आणि त्यांनी चौकात येऊन थांबावं. नाहीच पटलं, तर उज्ज्वलनगरहून खापरीपर्यंत मेट्रो आहे.