गोव्यातल्या लघुरूपांचा कोश करायचा तर

प्रश्न दोन आहेत: 'अ‍ॅक्रोनिम फाइंडर'सारखा लघुरूपांचा कोश वाढला कसा, आणि गोव्यापुरता मराठीत तसा करता येईल का. करता येईल, पण आधी पहिल्याचं बघू.

अशा याद्या वेबच्याही आधीच्या. अमेरिकेत गेल कंपनीचा छापील कोश 1960 सालचा, तर डेनिस हाऊ यांनी संगणकातल्या संज्ञांचा 'फोल्डॉक' 1985 मध्ये सुरू केला. मायकेल मोलॉय यांचा 'अ‍ॅक्रोनिम फाइंडर' वेबवर आला 1997 मध्ये आणि वाढत वाढत दहा लाख अर्थांपलीकडे गेला. अर्थ कुणीही सुचवावा, पण संपादकाने बघितल्याशिवाय तो आत जात नाही. न तपासलेला ढिगारा 'अ‍ॅक्रोनिम अ‍ॅटिक' नावाने वेगळा ठेवलाय. माझ्या मते त्या कोशाची खरी हुशारी हीच.

आता आपलं. टीसीपी शोधा. इंटरनेटचा प्रोटोकॉल मिळेल, ब्रिटनमधलं एक जंतुनाशक मिळेल. गोव्यात मात्र 'टीसीपीकडे फाइल अडकली' म्हटलं की नगरनियोजन खातं, दुसरं काही नाही. म्हणून प्रदेश आणि विषय हे रकाने पहिल्या नोंदीपासून ठेवा. मागाहून भरायला बसलात तर कंटाळून सोडून द्याल.

काळाचाही रकाना हवाच. 2021 च्या कायद्याने मुरगाव पोर्ट ट्रस्टची अथॉरिटी झाली, एमपीटीची एमपीए. वास्कोत तोंडी अजून एमपीटीच, आणि जुन्या कागदांवर तर ते राहणारच. तेव्हा जुनी नोंद पुसायची नाही, 'आता एमपीए' एवढं जोडायचं.

मराठीची म्हणून एक वेगळी कटकट आहे. मराठी पेपर 'मगो' छापतात, इंग्रजी पेपर एमजीपी. पक्ष एकच, महाराष्ट्रवादी गोमंतक, त्यामुळे दोन्ही नोंदी एकमेकींना जोडाव्या लागतील. त्यात कुणी 'म.गो.' लिहितं, कुणी 'म. गो.'. टिंबं आणि मोकळ्या जागा गाळून शोध घ्यायची सोय आधी करा, सजावट मागाहून.

केटीसी (कदंब बस महामंडळ), जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) गोव्यात सगळ्यांना पाठ आहेत, तिथे वेळ घालवू नका. राज्य सरकारचं राजपत्र आणि पेपरांतल्या निविदा घेऊन बसा. तिथे पूर्ण नाव बहुतेक वेळा शेजारीच छापलेलं असतं. तारखेसकट उतरवून घ्या. तपासायला दोघं-तिघं तयार असतील तर सांगा, टीसीपी आणि पीडीए (नियोजन व विकास प्राधिकरण) यांच्याकडची लघुरूपं मी बघतो.