३४ चे ३८ झाले, म्हणजे वाढ झालीच का?

प्रश्न : माझं शिक्षण राज्यशास्त्राचं, पण संस्थेत जिल्ह्याचा पोषण अहवाल माझ्याकडे आला आहे. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचं प्रमाण आधीच्या सर्वेक्षणात ३४ टक्के होतं, आता ३८ आहे. ‘परिस्थिती बिघडली’ असं लिहू का? आणि संख्याशास्त्र शिकायला सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : एवढ्यावरून ‘बिघडली’ लिहू नका. आधी नमुन्यात मुलं किती होती ते पाहा. समजा, दोन्ही वेळा ४००. ०.३४ ला ०.६६ ने गुणा, ४०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. उत्तर ०.०२४, म्हणजे २.४ टक्के. ही झाली प्रमाणित त्रुटी, म्हणजे नमुना बदलला तर आकडा साधारण किती इकडेतिकडे होईल त्याचं माप. ३८ टक्क्यांचीही साधारण तेवढीच. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की फरकाची त्रुटी ३.४ येते, आणि तिची १.९६ पट ६.६. याहून लहान फरक निव्वळ नमुन्याच्या योगायोगानेही पडू शकतो, आणि तुमचा फरक चारच आहे.

त्यात सर्वेक्षणवाले मुलं सुटी सुटी निवडत नाहीत. आधी गाव किंवा वस्ती निवडतात, मग तिथली घरं. एकाच गावातल्या मुलांची परिस्थिती बरीचशी सारखी, म्हणून ४०० मुलांची माहिती पूर्ण ४०० ची भरत नाही. त्यापोटी विचरण (त्रुटीचा वर्ग) दीडपट धरलं तर ६.६ चे ८ होतात. ‘फरक आहे असं ठामपणे सांगता येत नाही’ असं लिहा. ‘काहीच बदललं नाही’ हेही लिहू नका. ते या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

शिकायला मूळ डेटाच घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये महाराष्ट्राचा हा आकडा ३५.२ टक्के छापला आहे. तो स्वतः काढा, आणि जुळेपर्यंत जिल्ह्याला हात लावू नका. घोळ बहुधा उंचीच्या रकान्यात होतो. तिथे उणे २०० म्हणजे उणे २ प्रमाण विचलन (सरासरीपासूनचं अंतर मोजायचं एकक); त्याहून खाली असलेलं मूल उंचीने कमी धरतात. पण ९९९६, ९९९७, ९९९८ ही मापं नाहीत, बाद नोंदींच्या खुणा आहेत. त्या राहिल्या तर ती मुलं धडधाकट म्हणून छेदात बसतात आणि टक्केवारी उगाच उतरते. तरीही जुळलं नाही, तर प्रत्येक नोंदीला सर्वेक्षणाने दिलेला भार (वेट) लावलाय का आणि आदल्या रात्री घरात मुक्कामाला असलेलीच मुलं घेतलीत का, ते तपासा.

टक्केवारीपुरतं एक्सेल चालेल. त्रुटीसाठी ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं ‘सर्व्हे’ पॅकेज घ्या आणि त्याला समूहाचा (निवडलेलं गाव किंवा वस्ती) व स्तराचा (निवडीआधी पाडलेले गट, जसे ग्रामीण-शहरी) रकाना सांगा. समूह सांगायचा राहिला की त्रुटी सहसा खोटी लहान येते. रिग्रेशनची (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध किती, ते काढायची पद्धत) घाई नको.